खंबाटकी कितव्या गिअरमध्ये चढली?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमधून नुसते चालत जायचे म्हटले, तरी माणसाची उलटतपासणी होते. गाड्या धुतल्या जात असतात, पायाखालच्या रबरी मॅट कुंपणाच्या भिंतीवर वाळत पडलेल्या असतात आणि बादल्यांच्या मधल्या जागेत चार-पाच गृहस्थ हाताची घडी घालून उभे असतात. आपण दुधाची पिशवी घेऊन अंग चोरत पुढे सरकावे, तर मागून प्रश्न येतोच, "काय साहेब, तुमची किती देते?"

माझी जुनी पेट्रोलची हॅचबॅक शहरात लिटरला चौदा किलोमीटर जाते. मी हा आकडा जसाच्या तसा सांगतो, तेव्हा रक्ततपासणीचा वाईट अहवाल कळल्यासारखे सगळे क्षणभर गप्प होतात आणि मग उपचार सुरू होतात. टायरमध्ये हवा किती ठेवता, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, सिग्नलला गाडी हाफ क्लचवर धरता का, असे विचारून झाल्यावर सर्वांच्या वतीने निदान जाहीर होते, "गाडी चांगली आहे हो, तुमचा पाय जड आहे." या निदानावर दाद मागण्याची सोय नाही.

बऱ्याच रविवारांच्या अनुभवाने माझ्या असे लक्षात आले आहे की, या मंडळात प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करतो खरा, पण मोजपट्टी मात्र स्वतःच्या डिकीतून काढतो.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांचा भरवसा फक्त टाकी ते टाकी पद्धतीवर. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचे, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि मधल्या किलोमीटरना नंतरच्या लिटरांनी भागायचे. त्यांच्या डायरीत तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे रकाने आहेत आणि भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत आहे. या शास्त्राला शत्रू एकच, तो म्हणजे पंपावरचा मुलगा. "झिरो बघा साहेब," म्हणून तो नळी टाकीत खुपसतो, टाकी भरल्यावर खटका 'टक्' करून आपोआप बंद होतो आणि मीटरवर २,३६७ रुपये दिसतात. अशा वेळी, "राउंड फिगर करू का?" असे म्हणत, उत्तराची वाट न पाहता, तो तेहतीस रुपयांचे पेट्रोल आणखी रिचवतो. गृहस्थ तिथेच, "अहो, काय केलंत हे!" म्हणून कळवळतात. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटते, पेट्रोलऐवजी डिझेल भरले गेले असावे.

कंपनीने सांगितलेला आकडा आणि डायरीतला आकडा कधीच जुळत नाही, याचे त्यांना वैयक्तिक दुःख आहे. वास्तविक हा अधिकृत आकडा जिथे काढतात त्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आमच्याच टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. एसी बंद असतो आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे न जाता, सुमारे वीस मिनिटांत परीक्षा आटोपते. सगळ्या गाड्यांना एकच पेपर द्यायचा तर दुसरा मार्गही नाही. पण त्या रोलरवर स्पीडब्रेकर नाही, आडवी येणारी रिक्षा नाही आणि मुख्य म्हणजे कर्वे रस्ता नाही. संध्याकाळी सातला निघालो तर आम्हाला वीस मिनिटांत नळस्टॉपसुद्धा गाठता येत नाही.

डिझेलवाल्यांपुढे अ‍ॅव्हरेजचा विषय काढला की ते मंद हसतात. त्यांचे माप टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. ही ओढ म्हणजे नेमके काय, हे त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी ते स्पष्टीकरण खंबाटकी घाटात जाऊन संपले आहे. "चौथ्या गिअरमध्ये चढवली, एसी चालू ठेवून," हे वाक्य ते ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात लोक मुलाचा बोर्डातला नंबर सांगत असत. खंबाटकीचा चढ पुण्याहून साताऱ्याकडे जातानाच लागतो आणि येताना बोगद्यातून यावे लागते, त्यामुळे हा पराक्रम एकेरी आहे, ही गोष्ट मी एकदा नम्रपणे निदर्शनास आणून दिली होती. घाटाला पर्याय म्हणून जोडबोगद्यांचे काम हाती घेतल्याची बातमी आली, तेव्हा वाहतूक कोंडी सुटणार म्हणून सगळे खूश झाले, हे मात्र काही दिवस अबोल होते.

डिझेलवाल्यांचे एक गुपितही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि त्यांच्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरून ठेवणारी डीपीएफ नावाची गाळणी आली. गाडी बराच वेळ एका वेगात पळाली तरच ती काजळी जळते. कोथरूड ते डेक्कन अशा फेऱ्यांनी गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यामुळे हे गृहस्थ अधूनमधून सातारा रस्त्याने नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला जातात. जावयाच्या या वाढत्या भक्तिभावाचे त्यांच्या सासूबाईंना फार कौतुक आहे.

सीएनजीवाल्यांचा हिशेब रुपये प्रति किलोमीटर असा रोखठोक असतो. १ एप्रिल २०२२ रोजी राज्य सरकारने सीएनजीवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा आमच्या सीएनजीवाल्यांनी पार्किंगमध्ये पेढे वाटले होते. पुढे दर पुन्हा चढले, पण पेढे सर्वांच्या पचनी पडलेले होते. त्यांच्या हिशेबात काही रकाने मुळातच नाहीत. पंपावरच्या रांगेत गेलेला वेळ नाही. 'प्रेशर कमी आहे' हे ऐकून दुसऱ्या पंपाकडे मारलेली चक्कर नाही. आणि डिकीत टाकी बसल्यामुळे गणपतीत कोकणात जाताना मांडीवर घेतलेल्या बॅगा तर नाहीतच नाहीत. त्यांच्या पत्नीने एकदा सर्वांसमक्ष विचारले, "आणि माझ्या गुडघ्यांचे किलोमीटरमागे किती धरलेत?" त्यावर ते एकदम टायरमधली हवा तपासायला वाकले.

विजेच्या गाडीचे मालक वयाने सर्वांत तरुण आणि बोलण्यात सर्वांत शांत आहेत. पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यासाठी त्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'ही वीज लिफ्टच्या मीटरवरून जाणार नाही ना' या एकाच प्रश्नाला इतक्या वेळा उत्तर दिले आहे की, आता त्यांना कशाचाच राग येत नाही. घाटाचा विषय निघाला की, ते डिझेलवाल्यांना फक्त एवढेच विचारतात, "काका, घाट उतरताना तुमचं डिझेल टाकीत परत येतं का?" त्यांच्या गाडीत उताराला बॅटरी थोडीफार भरते, हे खरे आहे. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की ते एसी आणि गाणी दोन्ही बंद करतात, हेही खरे आहे. पण ते त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीची अवस्था मूळच्या वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेजाऱ्यांची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडी कमी पळते, असा त्यांचा दावा आहे आणि तो अगदीच हवेतला नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. मात्र त्यांचा गावाकडचा ऊस दरवर्षी ज्या कारखान्याला जातो, तो कारखाना इथेनॉल काढतो. त्यामुळे उसाचे बिल जमा झाले की त्यांना सरकारचे धोरण दूरदर्शी वाटते आणि टाकी भरली की तेच धोरण मध्यमवर्गाच्या मुळावर आलेले दिसते. दोन्ही गोष्टी एकाच रविवारी घडल्या, तर ते खाली उतरतच नाहीत.

पत्रा हा आणखी एक प्रांत. दुसऱ्याच्या गाडीचे दार उघडून लावायचे आणि आवाज 'धप्प' आला की 'टण्' आला, यावर आतल्या माणसांचे भवितव्य सांगायचे, ही विद्या आमच्याकडे फार पुढे गेली आहे. भारत एनकॅपच्या धडक चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटून मगच सुरक्षिततेचे तारे देतात, आणि त्यात दाराच्या आवाजाला एकही गुण नाही. एवढा खटाटोप ते का करतात, असा प्रश्न आमच्या मंडळाला पडतो.

शेवटी डायरीवाल्या गृहस्थांनीच तोडगा सुचवला. सगळ्यांनी एकाच सकाळी, एकाच रस्त्याने वाईला जायचे, मेणवलीचा वाडा पाहायचा, जेवायचे आणि परत यायचे. म्हणजे जाताना घाट, येताना बोगदा, आणि भांडणाचा निकाल. वजन नको म्हणून कुटुंबीयांना घरी ठेवण्यात आले. डायरीवाल्यांनी डिकीतून छत्र्या, जुनी रद्दी आणि गणपतीचा चौरंगही उतरवला. मला निःपक्षपाती साक्षीदार म्हणून नेण्याचे ठरले होते, परंतु निघताना प्रत्येक जण मला अतिशय आग्रहाने दुसऱ्याच्या गाडीत बसवू लागला. माझे वजन ८४ किलो आहे, ही गोष्ट एवढ्या लोकांना ठाऊक असेल, असे मला वाटले नव्हते. अखेर, "टॉर्कला काय फरक पडतो, बसा!" असे म्हणत डिझेलवाल्यांनी मला उचलले. खंबाटकीत पुढे उसाची ट्रॉली लागल्यामुळे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. "ट्रॉलीमुळे," असे मी पुण्यात सांगावे, हे त्यांनी माझ्याकडून घाटमाथ्यावरच कबूल करून घेतले. त्या ट्रॉलीकडे वाळव्याच्या शेजाऱ्यांनी मात्र मोठ्या आपुलकीने पाहिले म्हणे.

वाटेतल्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून सर्वांचे सारखेच पैसे गेले आणि संपूर्ण दिवसात बरोबरी झाली ती तेवढीच. विजेवाल्यांनी टोलमाफीचा प्रश्न उपस्थित करून पाहिला. पण राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेली माफी समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूपुरती आहे, हे डायरीवाल्यांनी त्यांना बऱ्यापैकी आनंदाने सांगितले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये निकाल लागला तो असा की, सगळेच जिंकले. लिटरच्या हिशेबात डिझेल पुढे होते, रुपयांच्या हिशेबात वीज, आणि वीज घरी फुकट थोडीच येते, चार्जरचा खर्चही धरा, असा मुद्दा मांडून सीएनजीवाल्यांनी पहिला क्रमांक स्वतःकडे घेतला. डायरीवाल्यांना पंपावरच्या मुलाने परतल्यावरही राउंड फिगर करून दिली होती. त्यांनी ती फेरी बाद ठरवून पुढच्या महिन्यात महाबळेश्वरचा बेत आखला. "तुम्हीही तुमची गाडी काढा की या वेळी," असे ते मला म्हणाले.

मी एसटीने येईन म्हणून सांगितले. साधी एसटी डिझेलच्या लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, चारच धरा. चाळीस माणसे बसली तर एका लिटरमध्ये एकेका माणसाचे मिळून एकशे साठ किलोमीटर झाले. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पत्नीलाही घरी ठेवावे लागणार नाही. मंडळात बराच वेळ शांतता पसरली. मग डायरीवाल्यांनी पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "येताना रिकामी आली तर?"