पेडल खाली बसतंय आणि म्हणे ऑइल टाका

‘ब्रेकचं पेडल खाली बसतंय? मेकॅनिकच्या नादी लागू नका’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या सोसायटीपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की इंजिन चालू केल्यावर पेडल खाली गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) गेला समजा. खाली थेंब दिसत नसेल तर गळती नाही. ब्रेक ऑइल कमी असेल तर कुठलंही भरा. तरी नाही जमलं तर पेडल तळापर्यंत दाबून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढा आणि तोवर पंप करत गाडी चालवा. एकेक बघू.

इंजिन चालू करताना पेडल थोडं खाली जाणं हा दोष नाहीच. उलट ती बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा, ठीक असल्याची खूण आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. व्हॅक्यूम तयार होतो आणि पेडल किंचित खाली सरकून थांबतं. जराही सरकलं नाही, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघायचा. ‘थांबतं’ हा शब्द इथे महत्त्वाचा. थांबलं तर ठीक, पाय दाबलेलाच असताना खाली खाली जात राहिलं तर दुखणं.

‘थेंब नाही म्हणजे गळती नाही’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनवर रबरी वॉशर असतात. त्यांची कड भिंतीला घट्ट टेकते, म्हणूनच पुढच्या ऑइलवर दाब तयार होतो. ही कड झिजली किंवा भिंतीवर ओरखडे आले, की दाबलेलं ऑइल कडेवरून मागे सरकून पुन्हा ब्रेक ऑइलच्या बाटलीत जातं. बाहेर एक थेंब नाही, बाटलीतली पातळीही तीच, आणि पेडल मात्र खाली. यात वरून ऑइल टाकून काय साधणार?

हे तपासायला इंजिन बंद करून, चार-पाच वेळा पेडल मारून व्हॅक्यूम संपवा आणि पेडलवर अर्धा-एक मिनिट एकसारखा पाय ठेवा. एकदा जोरात दाबून आणि एकदा अगदी हलक्या पायाने, सिग्नलला उभे असताना ठेवतो तसा. हलक्या पायाची चाचणी बरेच जण करतच नाहीत. जोरात दाबलं की ऑइलचा दाबच झिजलेल्या कडेला भिंतीवर चेपतो आणि ती टिकून राहते. हलक्या दाबाला ती सुटते. ‘सिग्नलला पेडल हळूहळू बसतं, पण जोरात मारलं तर ब्रेक लागतो’ ही तक्रार बहुतेक वेळा याच जागची.

बाहेरची गळतीही लपून राहते. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतं. दोघांच्या सांध्याखाली टॉर्च मारा: ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे तिथे बूस्टरच्या काळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. मागे ड्रम असतील तर ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या (चाकातला ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपीची कड स्क्रू ड्रायव्हरने उचलून बघा. आतून ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला, आणि ड्रमला घासणारे लायनर भिजले असतील तर तेही गेले.

नक्की मास्टर सिलिंडरच का, हे ठरवायला चांगला मेकॅनिक त्याचे पाइप सोडवून तोंडांना योग्य आट्यांचे बूच लावतो. आता पेडल दगडासारखं वरच राहिलं तर दोष पुढे कुठेतरी आहे: पाइप, चाकं, क्वचित एबीएसचे (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) व्हॉल्व्ह. तरीही बसलं तर सिलिंडर बदला. घासून, नवे वॉशर घालून भागवण्याच्या भानगडीत, निदान ॲल्युमिनियमच्या सिलिंडरबाबत, पडू नये. घासताना भिंतीवरचा कडक थर जातो.

‘कुठलंही ऑइल’? बाटलीच्या झाकणावर ब्रेक ऑइलची प्रत, डॉट ३ किंवा डॉट ४, लिहिलेली असते, तेच. इंजिन किंवा स्टीअरिंगचं ऑइल पडलं तर रबर फुगतं आणि सगळी सील बदलायची पाळी येते. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळत नाही, डॉट ५.१ वेगळं, ते सिलिकॉनचं नाही. पातळी हळूहळू उतरणं मात्र पॅड झिजल्यामुळेही होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हवा काढणं हा उपाय दुसऱ्याच रोगावरचा. हवा असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं, पण दाबून धरलं की कुठेतरी थांबतं. शिवाय जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारलं, की रोजच्या वापरात न येणाऱ्या, गंजलेल्या भागावरून वॉशर फिरतात आणि धड असलेला सिलिंडरही जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हवा काढावी.

घाट उतरताना पेडल एकदम खाली गेलं, तर प्रकरण आणखी वेगळं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक मारून ऑइल तापलं आणि वाफ झाली की पेडल पोकळ. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

उरलं ‘पंप करत घरी या’. पंप केल्यावर ब्रेक लागतो तो तेवढ्यापुरता, आणि समोर रिक्षा आडवी आली की पंप करायला वेळ नसतो. बसणाऱ्या पेडलची गाडी दोरीने ओढूनही नेऊ नका: पुढची थांबली की मागचीलाही थांबावं लागतं, आणि मागचीलाच ब्रेक नाही. क्रेनवाल्याला फोन करताना गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक हवा, असं आधीच सांगा.