आफ्रिनिकच्या नेतृत्वाला हाकला म्हणताय, पण खुर्ची तर रिकामीच होती

सध्या एक दावा खूप फिरतोय की आफ्रिनिक, म्हणजे आफ्रिकेसाठी आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) वाटणारी मॉरिशसमधली संस्था, सुधारण्याच्या पलीकडे गेलीये, सगळा दोष वरच्या माणसांचा, त्यांना घरी पाठवा नाहीतर संस्थाच गुंडाळा आणि काम दुसऱ्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे ॲड्रेसची नोंद ठेवणाऱ्या अशाच दुसऱ्या संस्थेकडे, द्या. मला हे अजिबात पटत नाही.

पहिलं म्हणजे "माणसं बदला, प्रश्न मिटेल". अहो, माणसं होती कुठे? २०२२ पासून बोर्डाचा कोरम, म्हणजे निर्णय घ्यायला लागणारी किमान सदस्यसंख्या, नव्हता, सीईओ गेला तोही त्याच वर्षी, नवा नेमायचा तर बोर्ड हवं, बोर्डासाठी निवडणूक हवी आणि निवडणूक कोर्टाच्या आदेशांत अडकलेली. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने रिसीव्हर, म्हणजे कारभार सांभाळणारा माणूस, नेमला. जून २०२५ ची निवडणूक मुखत्यारपत्राच्या वादात रद्द झाली आणि सप्टेंबरमध्ये कुठे ८ संचालक निवडून आले. म्हणजे वरची माणसं हटवून काय होतं ते आपण तीन वर्षं बघितलंय, कोरम गेल्यावर पुढची वाट संस्थेच्या नियमांतून निघाली नाही, कोर्टातूनच काढावी लागली. दुखणं तिथे आहे.

"आतल्याच माणसाने ॲड्रेस लंपास केले, मग विश्वास कसा ठेवायचा?" हे खरंय, आणि मलाही त्याचा संताप येतो. सुमारे ४१ लाख ॲड्रेस, थोडेथोडके नाहीत. पण २०१९ मध्ये हे खणून काढलं बाहेरच्या एका संशोधकाने आणि पत्रकाराने, आतल्या तपासणीत ते सापडलंच नव्हतं. नोंदी बदलायची चावी कुणाकडे आणि त्याच्यावर नजर कुणाची हे ठरवलं नाही तर नवा माणूसही तेच करू शकतो.

"कोर्टबाजी वरच्यांनीच ओढवून घेतली" हेही अर्धवट. २०२१ मध्ये क्लाउड इनोव्हेशन या सभासद कंपनीकडचे साठ लाखांहून जास्त ॲड्रेस परत घ्यायचा प्रयत्न झाला, ती कंपनी कोर्टात गेली, संस्थेची बँक खाती गोठली. निर्णय चूक की बरोबर यावर वाद घाला, पण एका सभासदाच्या दाव्यात अख्ख्या खंडाची रजिस्ट्री लटकते ही रचनाच कच्ची आहे.

आणि "दुसऱ्या रजिस्ट्रीकडे द्या". कुठल्या नियमाने? २००१ चा आयसीपी-२ दस्तऐवज नवीन रजिस्ट्रीला मान्यता कशी द्यायची ते सांगतो, असलेलीची मान्यता कशी काढायची यावर गप्प आहे, म्हणून तर तो नव्याने लिहायला घेतलाय. शिवाय सभासदांचे करार याच कंपनीशी आहेत, रिव्हर्स डीएनएस (ॲड्रेसवरून नाव शोधायची सोय) आणि आरपीकेआयच्या सह्या (कुठले ॲड्रेस कुठल्या नेटवर्कचे याचे डिजिटल दाखले) इथूनच चालतात, त्यात खंड पडला तर मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना आणि नेटवर्कवाल्यांना झळ बसणार. उद्या ही नोंदवही लिक्विडेटरच्या, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाच्या, टेबलावर गेली तर तो कुणाला उत्तर देणार, हे गुंडाळा म्हणणाऱ्यांपैकी कुणी सांगितलेलं मी अजून वाचलेलं नाही.