‘एका दुपारी नवीकोरी सायकल’ या दाव्याचा प्रतिवाद

जुन्या सायकलीची फ्रेम न घासता, प्रायमर (रंगाखालचा पकड देणारा थर) न मारता, तोंडाला नुसता रुमाल बांधून स्प्रेचा एकच जाड हात देऊन आणि उन्हात वाळवून एका दुपारी नवी करता येते, असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. डब्यातल्या स्प्रेने फ्रेम चांगली रंगवता येते, हे मान्य. पण या सल्ल्यातले बाकीचे काहीच टिकत नाही.

‘घासायची गरज नाही’ हे आधी पाहू. कारखान्यातला रंग कडक आणि गुळगुळीत असतो. त्यावर थेट मारलेल्या रंगाला पकड मिळत नाही आणि कुलपाची साखळी चार वेळा घासली, की त्याचे पापुद्रे सुटतात. जुना रंग मुळापासून खरवडलाच पाहिजे, असेही नाही. तो धड असेल, तर 320 ते 400 नंबरच्या वॉटर पेपरने त्याची चमक मारणे पुरते. गंज असेल तिथे मात्र धातू उघडा पडेपर्यंत घासावे लागते. घासण्याआधी आणि नंतरही तेलकटपणा पुसून काढायला हवा, कारण वंगणाचा अंश राहिला, की तिथून रंग मागे सरकतो आणि बारीक गोल खळगे पडतात.

प्रायमरबद्दल फार बोलायला नको. उघड्या पोलादाला गंजरोधक प्रायमर लागतो आणि अ‍ॅल्युमिनियमला एचिंग प्रायमर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन पकड धरणारा.

खरा घोळ आहे तो जाड हाताचा. डब्यातला साधा अ‍ॅक्रिलिक रंग त्यातला द्रावक (रंग पातळ ठेवणारे द्रव) उडून वाळतो. थर जाड असेल, तर तापलेल्या दुधासारखी वर साय धरते आणि द्रावक आत अडकून राहतो. अशी फ्रेम हाताला कोरडी लागते, पण नख दाबले की खूण उमटते आणि सीटच्या दांड्याचा क्लॅम्प आवळताच रंग चुरगळतो. त्यापेक्षा 20 ते 30 सेंटिमीटरवरून, फवारा फ्रेमच्या नळीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे सोडत, पातळ हात द्यावेत. पहिल्या हातातून खालचा प्रायमर दिसला तरी चालते. दोन हातांमधले अंतर डब्यावर छापलेले असते, तेवढे वाचण्याचे कष्ट घ्यावेत. सुटे भाग चढवण्याआधी फ्रेम आठवडाभर टांगून ठेवलेली बरी, म्हणजे ‘एका दुपारी’ हेही निकालात निघते.

कडक उन्हाने ही साय लवकर धरते आणि खाली फोड येतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर उलटीच अडचण: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

‘तोंडाला रुमाल पुरे’ हा दावा मात्र निव्वळ धोकादायक आहे. रुमाल फार तर मोठे थेंब अडवेल, वाफ नाही. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळण्याचा टू-के, म्हणजे दोन घटकांचा, पारदर्शक क्लिअर कोट पेट्रोललाही दाद देत नाही हे खरे, पण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. योग्य रेस्पिरेटर (वाफ गाळणारा मुखवटा) आणि मोकळी जागा नसेल, तर फ्लॅटच्या गॅलरीत तो मारूच नये.