भुरका

डिसेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो. ऑफिसातून सहाला बाहेर पडलं की वाटतं रात्रीचे दहा वाजलेत, गपचूप घरी जाऊन झोपावं, पण घरी तरी काय, माझ्या निशी-कासाईच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात इतक्या गार पडतात आणि एसीची सगळी ऊब वर छताला जाऊन बसते, मी खाली दोन स्वेटर घालून. त्यामुळे पाय आपोआप स्टेशनजवळच्या रामेनवाल्याकडे, म्हणजे गरम रश्श्यातल्या नूडल्सवाल्याकडे वळतात.

दुकान कसलं, बोळकांडीच. आठ स्टुलं, समोर फळी, फळीपलीकडे वाफेत बुडालेले दोन आचारी. पण आधी दारातलं तिकिटाचं मशीन. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची, सोप्पंय, फक्त तीस बटणं आणि सगळ्यांवर जपानी. मागे सहा माणसं रांगेत. कोणी च्यक करत नाही, उसासा टाकत नाही, ती शांतताच जास्त टोचते हो, आपल्याकडे निदान "अहो, चला की पुढं" तरी म्हणतात. एका मित्राने कानमंत्र दिलाय, काही कळलं नाही तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण दाब, तिथे बहुतेक दुकानाचा खास पदार्थ असतो. तीन हिवाळे मी तेच बटण दाबतोय.

मग वाडगा येतो. शोयुचा, म्हणजे सोया सॉसचा तपकिरी रस्सा, वर तेलाचे बारीक थेंब, अर्धं कापलेलं अंडं, त्याचा बलक गुळाच्या पाकासारखा ओघळायच्या बेतात, आणि चाशूची एक मऊ चकती. ती डुकराची असते हे आईला अजून माहीत नाही, तिला मी "चिकनसारखं काहीतरी असतं" एवढंच सांगितलंय. मी प्रेमाने खाली वाकतो आणि चष्म्यावर वाफ धरते. संपलं. पुढची दोन मिनिटं जेवण अंदाजाने.

खरी पंचाईत आवाजाची. इथे नूडल्स सुर्रर्र करून ओढायच्या असतात, त्याने म्हणे हवा आत जाऊन त्या जरा निवतात आणि वासही नाकापर्यंत चढतो. शेजारचे सुटाबुटातले काका असे ओढतात की जणू पंपाने टाकी भरतायत. आणि आमचं बालपण सांगलीत, कढीचा भुरका मारायची मुभा फक्त आजोबांना, आम्ही मारला की आईचा धपाटा, "जनावरासारखा आवाज करू नकोस!" तो धपाटा पाठीत इतका मुरलाय की पस्तिसाव्या वर्षी, साडेसहा हजार किलोमीटरवर, मी नूडल्स शेवयांसारख्या हळूहळू तोंडात सारत बसतो. त्यात जीभ पोळते. जपानीत अशा माणसाला नेकोजिता म्हणतात, म्हणजे मांजराच्या जिभेचा. तेवढ्यात पंपवाले काका वाडगा रिकामा करून, "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणून निघूनही जातात.

त्यात नाक. बाहेर दोन-तीन डिग्री, आत गरम रस्सा, नाक वाहणारच. खिशात टिश्यूची चार पाकिटं असतात, स्टेशनाबाहेर जाहिरात चिकटवून फुकट वाटतात ना, ती. पण इथे चारचौघांत नाक शिंकरणं म्हणजे असभ्यपणा! नाक वर ओढलं तर चालतं. नूडल्सही ओढा, नाकही ओढा, शिंकरायचं मात्र नाही. सांगलीत नेमकं उलटं शिकलो होतो, आता या वयात सगळं पालथं कुठून घालू?

परवा ठरवलं, आज मारायचाच. चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले, आजोबांना आठवलं आणि भुर्रर्र! असा भुरका की आचाऱ्याने मान वर केली. तीन-चार नूडल्स शेपटासारख्या वळवळत आत गेल्या आणि जाता जाता शेवटच्या फटक्याला रस्सा पांढऱ्या शर्टावर, बरोब्बर खिशापाशी. आचारी काही बोलला नाही. त्याने फळीखालून कागदी एप्रन काढला, लहान पोरांना बांधतात तसला, आणि दोन्ही हातांनी अदबीने माझ्यासमोर ठेवला. मी तो गळ्यात बांधला, नाक वर ओढलं आणि दुसरा भुरका मारला.