पेरणे फाट्याला गाडी थांबली नाही

एक जानेवारी आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. यंदा पुतण्याने लिहिलं, "१८१८ला भीमा कोरेगावला जे महार शिपाई पेशव्यांविरुद्ध इंग्रजांकडून लढले, त्यांना मानवंदना कसली?" खाली दहा अंगठे. इथे अमेरिकेत नुकतंच नवं वर्ष लागलं होतं. मी तिरीमिरीत टाइप करायला घेतलं आणि थेट इथल्या मन्झनारच्या छावणीपासून सुरुवात केली. परदेशात राहणाऱ्यांची खोडच ही.

थँक्सगिव्हिंगला मॅमथला जाताना तिथे मुद्दाम थांबलो होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून असल्या छावण्यांत कोंडलं. त्यातले बहुतेक जण इथेच जन्मलेले. स्मशानात एक पांढरा स्तंभ आहे. पायथ्याशी कागदी सारसांच्या माळा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवलेले.

पुढच्याच वर्षी सरकारने याच लोकांना प्रश्नावली दिली. २७वा प्रश्न : लढायला जाल का? २८वा : जपानच्या सम्राटाशी निष्ठा तोडाल का? जी कधी नव्हतीच ती तोडायची कशी? तरी हजारो पोरं गेली. सादाओ मुनेमोरीने ५ एप्रिल १९४५ला इटलीत ग्रेनेडवर अंग टाकून सोबत्यांना वाचवलं. त्याच्या आईला मन्झनारला कोंडलं होतं. चारशेपाच-एकशेपाच फ्रीवेच्या जंक्शनला त्याचं नाव आहे. मी तिथे वर्षानुवर्षं फक्त ट्रॅफिकला शिव्या दिल्या.

त्याला कुणी इमानाचा हिशोब मागत नाही. मग महार शिपायालाच का? ज्याला गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवू देत नव्हते, तो पेशव्यांचं काय देणं लागत होता? आणि इंग्रज तरी कुठले कनवाळू! गरज संपली तशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरतीच बंद केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, त्यांच्या जातीला पलटणीचं दार बंद! पहिल्या महायुद्धात पुन्हा घेतलं, नंतर पुन्हा काढलं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

"इथल्या सरकारने निदान माफी मागितली," असंही मी ठसक्यात लिहिलं. ती १९८८ साली, हे सोयीस्कर गाळलं.

पुतण्याने एवढंच विचारलं, "काका, आपल्याकडचा कोरेगावचा स्तंभ पाहिलायस?"

आजोळी जाताना पुणे-नगर रस्त्यावर तो एसटीच्या खिडकीतून दिसायचा. "ते त्यांचं आहे," आई एकदा म्हणाली होती. पुढे स्वतःची गाडी आली, तरी स्तंभाजवळच्या पेरणे फाट्याला कधी उतरलो नाही. स्तंभावरची 'नाक'ने संपणारी महार शिपायांची नावं मी इथे, लॉस एंजेलिसमध्ये, स्क्रीनवर वाचली.

निष्ठेबद्दल तर मी बोलूच नये. नागरिकत्वाच्या दिवशी उजवा हात वर करून, जुन्या देशाची निष्ठा सोडतो, कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्र उचलीन, असं एका दमात म्हणालो. मला कुणी कोंडलं नव्हतं. बाहेर येऊन पार्किंगमध्येच ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या कार्डाचा, फॉर्म उघडला.

मन्झनारच्या एका माळेवर मीही खडा ठेवला होता. त्याचा फोटो ग्रुपवर टाकायला काढला होता. तो अजून तसाच आहे, न पाठवलेला.