न दिसणारी रेघ

आकृतीत ज्या रेघा असतात त्यांनी माझं कधी वाकडं केलेलं नाही. छळतात त्या नसलेल्या रेघा.

भाची नववीत गेल्यापासून भूमितीचा सराव आम्ही ‘मिळून’ करतो. म्हणजे गणित ती निवडते आणि घाम मी गाळतो. बाकोबा, कोबाको या त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्यांपर्यंत मी छाती काढून होतो. मग तिने लँग्ली या इंग्रज गणितीसाहेबांचं १९२२ सालचं कोडं पुढे सरकवलं.

समद्विभुज त्रिकोण, पायाचे कोन ८०-८०. पायाच्या एका टोकातून पायाशी ६० अंशांची रेघ काढून समोरच्या बाजूला भिडवायची, दुसऱ्या टोकातून ५० अंशांची. बाजूंवर मिळालेले दोन बिंदू जोडायचे. ही जोडरेघ आणि ६०ची रेघ यांच्यातला कोन किती?

दिसायला अगदी गरीब गाय. बेरीज १८० करत करत मी आकृतीभर हिंडलो. हवा तो सोडून सगळे कोन सापडले. शेवटी समीकरणं मांडली, तर उत्तर आलं ० = ०. विधान निर्विवाद आहे, पण त्याला गुण कोण देणार?

“मामा, उत्तर बघू का?”

“बघ. मला काय, पडताळूनच पाहायचंय.”

उत्तरात पहिलंच वाक्य: ६०ची रेघ जिथून निघाली, त्याच टोकातून पायाशी २० अंशांची रेघ समोरच्या बाजूपर्यंत काढा. ती काढली की समद्विभुज त्रिकोण भराभर उगवतात, मधोमध एक समभुजही उभा राहतो आणि कोन निघतो ३०. सिद्धतेत प्रत्येक पायरीला कारण कंसात लिहायचं, नाहीतर गुण कापतात. या रेघेपुढे मात्र फक्त ‘रचना’! ती सुचली कशी, हे कोणीच लिहीत नाही.

मी मोर्चा अंककोड्यांकडे वळवला. गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा अंक म्हणजे सज्जन माणूस. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हजर. २५३१ने पुरत्या सात घेतल्या, पण आली. रेघबिघ काही नाही.

“पाच अंकी घेतली तर?” भाचीने विचारलं.

पाच अंकी संख्या अशा एका जागी थांबत नाहीत, गोल गोल फिरत राहतात.

“करून बघ की,” मी म्हटलं आणि पंख्याखाली आडवा झालो.