नैऋत्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर वाईजवळ दोन एकर शेतजमीन घेण्याचा एकदा प्रयत्न केला होता. पैसे तयार होते, विहीर पसंत पडली होती आणि बांधावरच्या आंब्यांची पहिली अढी त्यांनी मनातल्या मनात घालूनही टाकली होती. परंतु महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, आणि आमच्या घराण्यात कुंडीबाहेर कधी काही पिकलेच नसल्यामुळे व्यवहार तिथेच थांबला. त्याच वडिलांचा मुलगा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला चाळीस एकर जंगलाचा एक षष्ठांश मालक झाला, तेव्हा ‘तुम्ही शेतकरी आहात का?’ असे त्याला कोणीही विचारले नाही. ‘तुम्ही शिकारी आहात का?’ असेही विचारले नाही. वास्तविक हे विचारायला हवे होते, कारण ती जमीन हरणांच्या शिकारीसाठी घेतली जात होती आणि मी अंडेसुद्धा खात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी माझा साडू आहे. तो अस्सल विस्कॉन्सिनचा. त्याच्या घरी वर्षाचा मोठा सण नाताळ नव्हे, तर थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. कारण त्या दिवशी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. तो, त्याचे वडील (ज्यांना आम्ही सगळेच ग्रँपा म्हणतो) आणि त्याचे दोन चुलतभाऊ वर्षानुवर्षे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जात असत. पुढे माझा सांगलीकर मित्रही त्यांच्यात सामील झाला. तिथे १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला बंदुकीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. सांगलीकराने तो शाळकरी पोरांच्या बाकावर बसून पुरा केला, आणि हरणाच्या मटणाला तांबडा रस्सा कसा लागतो हे त्या घराण्याला दाखवून आपली जागा कायम केली. मग तो शेतकरी वारला, मुलांनी रान विकले, आणि नव्या मालकाने झाडाझाडांवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या ठोकल्या. पाच बंदुका एका दिवसात बेघर झाल्या.

अशा वेळी ग्रँपांच्या ओळखीच्या, ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी प्राइस काउंटीतली आपली चाळीस एकर जमीन आणि तिच्यावरची केबिन विकायला काढली. काउंटीचे नाव जमिनीच्या भावावरून पडले असावे असा माझा समज होता. ते विल्यम प्राइस नावाच्या लाकूडव्यापारी पुढाऱ्यावरून पडले आहे, हे समजल्यावरही भाव काही उतरला नाही. किमतीला पाचांनी भागल्यावर येणारा आकडा असा होता की त्यासाठी प्रत्येकाला घरी विचारावे लागले असते. सहांनी भागल्यावर येणारा आकडा घरी नंतर सांगता येण्यासारखा होता. सहावा माणूस हवा होता तो एवढ्यासाठी.

माझीच निवड का झाली, हे मला साडूच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराआड वाकून दही शोधत असताना ऐकू आले. “तो मचाण अडवणार नाही,” साडू आपल्या भावाला सांगत होता, “मांसात वाटा मागणार नाही, आणि हिशेब ठेवील.” इतक्या थोड्या शब्दांत माझे मूल्यमापन आजवर कोणी केलेले नव्हते. तरीही मी हो म्हणालो. दोन एकरांसाठी खटपट करून रिकाम्या हाताने परतलेल्या वडिलांना एकदा फोन करून ‘चाळीस’ म्हणावे, हा मोह मला आवरला नाही.

वडिलांनी तत्काळ गुणाकार केला. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे चाळीस एकरांचे सोळाशे आणि माझ्या वाट्याला दोनशे सहासष्ट, वर दोन तृतीयांश. “गट नंबर काय?” त्यांनी विचारले. आता तिथे गट नंबर नसतो. १७८५ च्या कायद्याने त्या देशाची मोजणी चौरस मैलांच्या सेक्शनांत करायचे ठरले. सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतुर्थांश १६० एकरांचा, आणि चतुर्थांशाचा चतुर्थांश चाळीस एकरांचा, ज्याला लोक नुसते ‘फॉर्टी’ म्हणतात. आमच्या खरेदीखतात जमिनीचे वर्णन ‘नैऋत्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश’ असे होते. मी ते मराठी करून वाचून दाखवले आणि पस्तावलो, कारण फोन स्पीकरवर होता आणि आईने वास्तुशास्त्राचा वर्ग नुकताच पुरा केला होता. “नैऋत्येची ईशान्य? मग ईशान्येला काय आहे?” तिने विचारले. ईशान्येला संडास होता. लाकडी, एका खड्ड्यावर उभा, दाराला चंद्रकोर कोरलेला. मी देवदार आहेत असे सांगितले.

ज्यांना कागद वाचता येतो त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. असा तुकडा सेक्शनच्या आतल्या बाजूला पडतो, त्याची एकही कड सेक्शनच्या हद्दीला लागत नाही, आणि त्या भागातले रस्ते बहुधा हद्दीवरून जातात. म्हणजे आम्ही घेत असलेल्या जमिनीला रस्ताच नव्हता. शेजाऱ्याच्या रानातून जाण्याचा वहिवाटीचा हक्क काय तो होता, आणि तोही वसंतात बर्फ वितळले की गुडघाभर चिखलाखाली जाणारा. एकेकाळी इथे पांढऱ्या पाइनचे प्रचंड जंगल होते. लाकूड कंपन्यांनी ते भुईसपाट केले आणि उरलेली खुंटांची जमीन नव्याने आलेल्या गरीब कुटुंबांना शेतीसाठी विकली. थंडी आणि दगड यांच्यापुढे अनेकांनी हात टेकले, रान पुन्हा वाढले, आणि कोवळ्या पाल्यामागे हरणे आली. थोडक्यात, ज्या जमिनीत खऱ्या शेतकऱ्याचेही काही चालले नाही ती मला मिळत होती. आमच्या घराण्याला साजेशीच होती.

वकिलीणबाईंसमोर मात्र सांगलीकर चमकला. सहाही नावे खरेदीखतावर समाईक लावली तर पुढे कोणीही एक जण न्यायालयात जाऊन वाटणी मागू शकतो, हे त्या समजावून सांगत असताना तो खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला. “अहो, वाटपाचा दावा!” तो मराठीतच ओरडला. त्याच्या तीन चुलत्यांचा असाच दावा त्याच्या जन्माआधीपासून चालू आहे. त्याने आग्रह धरला म्हणून आम्ही एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, जमीन तिच्या नावावर घ्यायचे ठरवले, आणि तिचा करारनामा लिहिण्यात चार रविवार गेले. हिस्सा विकायचा झाल्यास आधी आपसात विचारावे, यावर पाच मिनिटांत एकमत झाले. भागीदाराचा घटस्फोट झाल्यास हिस्सा कोणाकडे जाईल, ही चर्चा आम्ही आमच्याच घरी, बायको चहा देत असताना केली, ही चूक झाली. “नीट लिहा,” ती म्हणाली, “मला संडासाकडची बाजू नको.”

शेवटची अट विकणाऱ्या आजोबांची होती. देवदारांच्या दलदलीच्या कडेला असलेल्या मचाणावर, ते हयात असेपर्यंत, हंगामाचे नऊही दिवस फक्त तेच बसतील. ग्रँपांनी बाहेर व्हरांड्यात आम्हाला हळूच सांगितले की आजोबांच्या हृदयावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली आहे. कोणी काही बोलले नाही, पण सहाही चेहऱ्यांवर एकाच वेळी जो समंजस उदारपणा पसरला तो पाहून मला आमची फार लाज वाटली. आम्ही सह्या केल्या.

पहिला हंगाम उघडला त्या शनिवारी पहाटे साडेतीन वाजता, एका उंदराला कढईतून बाहेर काढून, मी सात माणसांचे पोहे परतत होतो. शिकार करणाऱ्याने कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी ठेवावा असा तिथे नियम आहे. मी निव्वळ भीतीपोटी अख्खा नारिंगी झालो होतो, आणि तो फोटो पाहून आईने मी संन्यास घेतला का अशी चौकशी केली. उजाडण्याआधी पाचही जण आपापल्या जागी गेले. आजोबा मागाहून काठी टेकत आले, पोहे खाल्ले, काठी शिडीला टेकवून ठेवली आणि खारीसारखे वर चढले.

सकाळी आठ वाजता एकच बार ऐकू आला. दुपारपर्यंत दुसरा आला नाही. पाचही भागीदार गारठून, रिकाम्या हातांनी केबिनमध्ये परतले, तेव्हा आठ टोकांच्या शिंगांचा नर दाराबाहेर टांगलेला होता आणि आजोबा दुसऱ्यांदा पोहे खात होते. जागा उत्तम आहे, ते म्हणाले. त्यांच्या वडिलांना तीच आवडायची, आणि शहाण्णवाव्या वर्षापर्यंत ते तिथेच बसत.

टेबलाभोवतीचे पाच चमचे हवेत थांबले. आजोबांनी ताटली माझ्यापुढे सरकवली आणि विचारले, “लिंबू आहे का आणखी?”